हिमालयीन नगरांतील पदपथ व जलतीरमार्ग

हिमालयातील डोंगरी नगरांमध्ये प्रामुख्याने पायी फिरण्यासाठी निर्माण झालेले, साधारणतः सपाट किंवा सौम्य चढ-उताराचे मार्ग. सरोवरांचे काठ, नद्यांचे घाट व बांध, डोंगरमाथ्यावरील बाजारपेठा आणि डोंगरकुशीतून समपातळीवर काढलेले वळणाचे रस्ते यांचा त्यांत समावेश होतो. गिर्यारोहणाच्या किंवा तीर्थयात्रेच्या दीर्घ व बिकट वाटांहून ते भिन्न होत. आबालवृद्धांना विशेष श्रमाशिवाय चालता यावे, हा त्यांचा मुख्य हेतू. नैनितालचा सरोवरकाठ, शिमल्याचे रिज व माल, मसूरीचा कॅमल्स बॅक मार्ग, दार्जिलिंगचा चौरस्ता, काश्मीरमधील श्रीनगरचा झेलमकाठचा बांध आणि अलमोड्याची फरसबंद बाजारपेठ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. वरवर पाहता करमणुकीची वाटणारी ही ठिकाणे प्रत्यक्षात डोंगरी नगरांच्या सामाजिक इतिहासाची साक्ष देतात. ते कोणाच्या श्रमातून तयार झाले, त्यांवर कोणाला चालू दिले गेले आणि खचणाऱ्या उतारांवर ते कसे टिकून राहिले, हे तीन प्रश्न त्यांच्या इतिहासात सतत पुढे येतात.

भौगोलिक पार्श्वभूमी : हिमालयाच्या बाह्य व मध्य रांगांमध्ये सपाट जमीन अत्यंत दुर्मिळ आहे. वस्तीला सोयीची अशी जागा मुख्यतः दोन ठिकाणी मिळते : डोंगराच्या माथ्यावरील अरुंद धारेवर किंवा खाली पाण्याच्या काठावर. नगरांतील पदपथांचेही त्यामुळे दोन स्पष्ट प्रकार पडतात. शिमला, मसूरी, दार्जिलिंग व अलमोडा ही धारेवरची नगरे असून त्यांतील प्रमुख पथ माथ्यालगत समपातळीवर जातात. त्यांवरून एका बाजूस हिमशिखरे आणि दुसऱ्या बाजूस मैदानाकडे उतरत जाणाऱ्या डोंगररांगा दिसतात. नैनिताल, भीमताल, रेवालसर, काश्मीरमधील श्रीनगर, बागेश्वर, मंडी, चंबा आणि गढवालमधील श्रीनगर ही पाण्याच्या आश्रयाने वाढलेली नगरे होत. सरोवराचा काठ हा निसर्गतःच समपातळीत असल्याने तेथे फिरण्याचा मार्ग काढणे सोपे जाते. नदीकाठी मात्र पुराच्या पातळीचा विचार करूनच घाट, पायऱ्या किंवा बांध घालावे लागतात.

दोन्ही प्रकारांत एक अडचण समान आहे. समपातळीवरचा मार्ग काढण्यासाठी डोंगराचा उतार कापावा लागतो आणि कापलेला भाग दगडी भिंतींनी पेलून धरावा लागतो. ज्या भूभागात शेल, स्लेट व भंगलेले चुनखडक आहेत आणि पावसाळ्यात अल्पावधीत प्रचंड पाऊस कोसळतो, तेथे पाण्याचा निचरा नीट न झाल्यास वरचा उतार घसरतो व खालची भिंत खचते. डोंगरी नगरातील पदपथाचे आयुष्य त्यामुळे त्याच्या फरशीवर नव्हे, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या नाल्यांवर अवलंबून असते.

ब्रिटिशपूर्व काळ : डोंगरी नगरांतील फिरण्याच्या मार्गांची सुरुवात ब्रिटिशांनी केली, असा समज रूढ असला, तरी तो अंशतःच खरा आहे. पाणवठा, बाजार व देवस्थान यांना जोडणाऱ्या पायवाटा त्यापूर्वीच प्रत्येक नगरात होत्या. कुमाऊँमध्ये झऱ्यावर दगडी घुमटी बांधून केलेल्या पाणवठ्यास ‘नौला’ म्हणतात. वस्तीपासून नौल्यापर्यंतची वाट ही गावातील सर्वांत वर्दळीची वाट असे. चंद घराण्यातील राजांनी सोळाव्या शतकात आपली राजधानी चंपावतहून अलमोड्यास हलविल्यानंतर तेथील डोंगरधारेवर लांबच लांब बाजारपेठ वसली. तिची जमीन ‘पटाल’ नावाच्या रुंद स्थानिक पाषाणफरशांनी मढविलेली होती. वाहन चालणार नाही, पण ओझेवाला, घोडा व पादचारी सहज जातील, असा हा मार्ग. पुढील काळात काही भागांतील मूळ फरशा जाऊन नव्या आल्या, तरी बाजारपेठेचे पादचारी स्वरूप टिकून आहे.

पाण्याभोवतीच्या परिक्रमेची परंपराही जुनी आहे. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात असलेले रेवालसर सरोवर हिंदू, बौद्ध व शीख या तिन्ही धर्मीयांना पवित्र असून, पद्मसंभवाच्या स्मृतीमुळे तिबेटी बौद्ध त्यास ‘त्सो पेमा’ (कमळ-सरोवर) म्हणतात. सरोवर उजव्या हाताला ठेवून त्याभोवती प्रदक्षिणा घालण्याची तेथे प्रथा आहे. नैनिताल सरोवराचा उल्लेख स्कंदपुराणाच्या मानसखंडात त्रिऋषि-सरोवर असा येतो. अत्री, पुलस्त्य व पुलह या ऋषींशी त्याचा संबंध जोडला जातो. काठावरील नयनादेवीच्या स्थानासाठी आसपासचे ग्रामस्थ तेथे ठरावीक दिवशी जमत, पण कायमची वस्ती करीत नसत. चंबा येथे रावी नदीच्या वरच्या पठारावर असलेले चौगान हे मैदान नगराचे सामायिक फिरण्याचे स्थान होते. मिंजर जत्रेत राजवाड्यापासून रावीच्या काठापर्यंत मिरवणूक जाते व तेथे मिंजर नदीत अर्पण केले जाते.

जलतीराचा सर्वाधिक विकसित उपयोग काश्मीरमधील श्रीनगरात झाला. तेथे झेलम नदी हाच नगराचा राजमार्ग होता. घरांची तोंडे नदीकडे असत आणि प्रत्येक मोहल्ल्याला नदीत उतरणारा स्वतंत्र घाट असे. या घाटास ‘यारबल’ म्हणतात. पाणी भरणे, धुणे, नावेत चढणे-उतरणे आणि गप्पागोष्टी या सर्वांचे ते केंद्र होते. नदीवरील पुलांना ‘कदल’ ही संज्ञा असून सुलतान झैन-उल्-आबिदीन (कार. १४२०–७०) याच्या नावाने प्रसिद्ध असलेला झैना कदल हा त्यांपैकी एक होय. मोगल काळात दल सरोवराच्या पूर्व काठावर शालिमार (१६१९), चष्म-इ-शाही (१६३२) व निशात (१६३३) ही उद्याने झाली. डोंगर व सरोवर यांच्या मधला उतार पायऱ्यापायऱ्यांनी बांधून त्यांतून पाणी खेळविणे, ही त्यांची रचना होय. तथापि ही उद्याने शाही होती. सामान्य नागरिकांचा जलतीर हा यारबलच होता.

गिरिस्थाने आणि माल : इंग्रज-नेपाळ युद्धानंतर (१८१४–१६) कुमाऊँ, गढवालचा काही भाग व शिमल्याच्या परिसरातील मोक्याच्या जागा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आल्या. मैदानी प्रदेशातील उष्मा व रोगराई यांपासून सुटका म्हणून यूरोपीय अधिकारी व सैनिक यांच्यासाठी डोंगरात आरोग्यस्थाने स्थापन होऊ लागली. शिमल्यात १८२२ मध्ये पहिले पक्के घर उभे राहिले. मसूरीची वस्ती १८२० च्या दशकात सुरू झाली आणि तिच्या शेजारी लँढोर येथे १८२७ मध्ये आजारी सैनिकांसाठी छावणी झाली. दार्जिलिंगचा प्रदेश १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून मिळविण्यात आला. त्या काळच्या यूरोपीय वैद्यकात सकाळ-संध्याकाळच्या मोकळ्या हवेतील फेरफटक्यास मोठे महत्त्व होते. परिणामी प्रत्येक गिरिस्थानात चर्च, वाचनालय व बाजार यांबरोबरच एक समपातळीचा फिरण्याचा रस्ता हा अपरिहार्य घटक बनला. त्यालाच ‘माल’ हे नाव रूढ झाले.

शिमल्यात डोंगरधारेवरील मोकळ्या जागेस रिज हे नाव पडले. तेथील ख्राइस्ट चर्चचे काम १८४४ मध्ये सुरू झाले. रिजच्या पोटात नगराच्या पाणीपुरवठ्याचे मोठे टाके असून, वर फिरणाऱ्या लोकांच्या पायाखाली हा साठा आहे. शिमला १८६४ पासून भारत सरकारची उन्हाळी राजधानी झाल्यावर मालला राजकीय प्रतिष्ठा आली. मालवरून वाहन नेण्याची मुभा व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच होती. इतरांनी पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षातून जावे, असा दंडक होता. मालच्या खालच्या उतारावर हिंदी दुकानदार, कारागीर व नोकर यांचा लोअर बाजार दाटीवाटीने वसला. उंचीनुसार समाजाची अशी मांडणी जवळजवळ सर्वच गिरिस्थानांत दिसते.

नैनितालची स्थापना : कुमाऊँचा आयुक्त ट्रेल हा १८२३ मध्ये या सरोवरापर्यंत पोचला होता. मात्र स्थानिक लोकांच्या श्रद्धेचा मान राखून त्याने या स्थळाचा गाजावाजा केला नाही, असे सांगतात. शाहजहानपूरचा साखर-व्यापारी पी. बॅरन हा नोव्हेंबर १८४१ मध्ये तेथे आला. ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने त्याने केलेल्या वर्णनांमुळे या स्थानाची कीर्ती पसरली. सरोवराच्या परिसरावर नरसिंह या थोकदाराचा हक्क होता. त्याला नावेत बसवून सरोवराच्या मध्यभागी नेण्यात आले आणि पाण्यात ढकलण्याची भीती घालून त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आली, असा वृत्तांत उपलब्ध आहे. पुढे हा प्रसंग विनोदाने सांगितला जाऊ लागला. तथापि ज्या काठावर पुढे शेकडो लोक सहल करू लागले, त्याची मालकी कशी हस्तांतरित झाली, हे त्यावरून स्पष्ट होते. येथील नगरपालिका १८४५ मध्ये स्थापन झाली. पुढे वायव्य प्रांताचे उन्हाळी ठाणे नैनितालला आले आणि काठगोदामपर्यंत १८८४ मध्ये रेल्वे पोचल्यावर वर्दळ झपाट्याने वाढली.

नैनिताल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मी. उंचीवर असून त्याचा परिघ सुमारे ३·५ किमी. आहे. उत्तरेकडील वरचे टोक मल्लीताल आणि दक्षिणेकडील खालचे टोक तल्लीताल होय. तल्लीताल येथे सरोवराच्या मुखावर पाणी अडविणारी दारे असून त्या जागेस ‘डाँठ’ म्हणतात. तेथून सांडणारे पाणी बलिया नाल्यातून खाली जाते. पूर्वेच्या काठाने वरचा व खालचा असे दोन समांतर माल रस्ते आहेत. ब्रिटिश काळात वरचा माल यूरोपीयांच्या फिरण्यासाठी राखलेला असे, तर खालचा घोडे, ओझी आणि हिंदी लोक यांच्यासाठी असे. पश्चिमेच्या सावलीच्या काठाने जाणारा अरुंद मार्ग ‘ठंडी सडक’ या नावाने ओळखला जातो. पाषाणदेवीचे मंदिर याच वाटेवर आहे.

श्रम व बंधने : गिरिस्थानांतील रस्ते, पूल, भिंती व बंगले उभारण्यासाठी लागणारे सर्व साहित्य माणसांच्या पाठीवरून आणावे लागे. कुमाऊँ व गढवालमध्ये त्यासाठी सक्तीच्या श्रमाची पद्धत रूढ होती. तिचे तीन प्रकार असत : नाममात्र मजुरीवर सक्तीने ओझी वाहून नेणे (कुली-उतार), विनामोबदला श्रम (कुली-बेगार) आणि दौऱ्यावरील अधिकाऱ्यांना धान्य, दूध, लाकूड इ. पुरविणे (कुली-बर्दायश). गावप्रमुख व पटवारी यांच्याकडे कुटुंबांच्या नोंदवह्या असत आणि त्यांनुसार पाळी लावली जाई. ही पद्धत ब्रिटिशपूर्व राजवटींतही होती; परंतु अधिकाऱ्यांचे दौरे, सैन्याची ये-जा, शिकारी व प्रवासी यांची संख्या वाढल्याने ब्रिटिश अंमलात तिचा जाच असह्य झाला. सुगीच्या दिवसांत शेत सोडून दुसऱ्याच्या सामानाखाली चालावे लागणे, ही शेतकऱ्याची मुख्य तक्रार होती.

या प्रथेचा शेवट एका नदीकाठीच झाला. सरयू व गोमती यांच्या संगमावरील बागेश्वर येथे मकर संक्रांतीस ‘उत्तरायणी’ची मोठी जत्रा भरते. जानेवारी १९२१ मध्ये या जत्रेत हजारो लोक जमले असता बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल इ. नेत्यांच्या आवाहनावरून लोकांनी बेगार न करण्याची शपथ घेतली आणि गावप्रमुखांनी बेगारीच्या नोंदवह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. त्यानंतर सरकारला ही पद्धत मागे घ्यावी लागली. महात्मा गांधींनी १९२९ मध्ये बागेश्वरला भेट दिली. याच सुमारास शिमल्याच्या डोंगरी भागात कोटगढचे सॅम्युएल स्टोक्स यांनी बेगारविरोधी चळवळ चालविली होती.

मालवर चालण्याच्या हक्काचा प्रश्न याहून निराळा, पण त्याच्याशी संबद्ध होता. शिमल्यात संध्याकाळच्या फेरफटक्याच्या वेळी हमाल व ओझेवाले यांना मालवर येण्यास मनाई होती. हिंदी लोकांना सरसकट बंदी घालणारे फलक या रस्त्यांवर लावलेले असत, अशा कथा अनेक गिरिस्थानांत प्रचलित आहेत. प्रत्यक्षात बंधने पुष्कळदा वेश, ओझे व व्यवसाय यांच्या आधारे घातली जात. उंची पोशाखातील संस्थानिक किंवा वकील मालवरून जाऊ शके, पण ज्याच्या पाठीवरून त्या रस्त्याचा दगड आला, त्याला मात्र त्यावर विसावता येत नसे. विसाव्या शतकात हिंदी व्यावसायिक, अधिकारी व राजकीय पुढारी यांची वस्ती वाढली, तशी ही बंधने सैल होत गेली. दार्जिलिंगच्या माल परिसरातील ‘स्टेप असाइड’ या घरात देशबंधू चित्तरंजन दास यांचे १६ जून १९२५ रोजी निधन झाले. स्वातंत्र्यानंतर या मार्गांना राष्ट्रीय नेत्यांची व कवींची नावे मिळाली. नैनितालच्या मालला गोविंदवल्लभ पंत यांचे नाव असून, दार्जिलिंगच्या चौरस्त्यावर नेपाळी कवी भानुभक्त यांचा पुतळा आहे.

दरडी व महापूर : डोंगरी नगरांच्या काठांना सर्वांत मोठा धोका पाण्याचा. नैनितालमध्ये सरोवराच्या वरील उतारावर १८६६ मध्येच दरड कोसळली होती. सप्टेंबर १८८० मध्ये सुमारे दोन दिवस सतत मुसळधार पाऊस झाला. १८ सप्टेंबर रोजी सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागील उतार घसरून काही माणसे गाडली गेली. त्यांना बाहेर काढण्यासाठी सैनिक, अधिकारी व मजूर जमले असताना दुपारी दुसरी, फार मोठी दरड कोसळली आणि काही क्षणांत हॉटेल, दुकान, सभागृह व नयनादेवीचे मंदिर नाहीसे झाले. या दुर्घटनेत १५१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १०८ हिंदी, तर ४३ यूरोपीय व अँग्लो-इंडियन होत्या. दरडीच्या राडारोड्याने मल्लीतालकडील सखल भाग भरून गेला व तेथील मैदान विस्तारले. आज ‘फ्लॅट्स’ नावाने ओळखले जाणारे हे खेळांचे व फिरण्याचे मैदान म्हणजे एका अर्थाने त्या आपत्तीचेच अवशिष्ट रूप होय. मंदिर पुढे सध्याच्या जागी बांधण्यात आले. भाद्रपदातील नंदादेवीच्या उत्सवात केळीच्या खांबांपासून घडविलेल्या नंदा-सुनंदांच्या मूर्तींचे विसर्जन सरोवरात केले जाते.

या अनुभवानंतर नैनितालच्या उतारांवर दगडी नाल्यांचे विस्तृत जाळे बांधण्यात आले. पावसाचे पाणी मातीत मुरून उतार जड होण्यापूर्वीच ते सरोवराकडे वाहून न्यावे, हे त्यामागील तत्त्व. बांधकामावर व वृक्षतोडीवर निर्बंध आले आणि उतारांच्या पाहणीसाठी समिती नेमण्यात आली. नगराचे पुढील शतक बव्हंशी या नाल्यांनी सांभाळले. तथापि सरोवराच्या मुखाखालील बलिया नाल्याचा उतार अस्थिरच राहिला. तेथे १८९८ मध्ये दरड कोसळून प्राणहानी झाली आणि हा प्रश्न अद्यापही सुटलेला नाही.

नदीकाठच्या नगरांचा अनुभव याहून कठोर आहे. गढवालमध्ये १८९३ साली बिरही गंगेच्या खोऱ्यात दरड कोसळून गोहना येथे मोठे सरोवर तयार झाले. धोका ओळखून तेथे पहारा ठेवण्यात आला व खालच्या गावांपर्यंत तारायंत्राची सोय करण्यात आली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला तेव्हा अलकनंदेच्या काठावरील गढवालची जुनी राजधानी श्रीनगर वाहून गेली. परंतु पूर्वसूचनेमुळे लोकांना हलविता आल्याने जीवितहानी अत्यल्प झाली. नवे नगर वरच्या पायरीवर सरळ रस्त्यांच्या आराखड्यानुसार वसविण्यात आले. आगाऊ सूचना देऊन माणसे वाचविल्याचे हे हिमालयातील आरंभीचे व महत्त्वाचे उदाहरण होय. काश्मीरमधील श्रीनगरात १९०३ चा महापूर आल्यानंतर झेलमचे जादा पाणी नगराला वळसा घालून नेणारा कालवा काढण्यात आला. नदीकाठचा बांध हा तेथे एकाच वेळी पूररोधक भिंत आणि फिरण्याचा मार्ग अशी दुहेरी भूमिका बजावीत आला आहे. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात मात्र पाण्याने बांध ओलांडले व नगराचा मोठा भाग कित्येक दिवस जलमय झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१३ मध्ये, अलकनंदेच्या पुराने गढवालमधील श्रीनगरच्या सखल भागातील घरे गाळाने भरून गेली होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर माल सर्वांना मोकळे झाले, पण थोड्याच काळात पादचाऱ्यांपुढे मोटारींची अडचण उभी राहिली. नैनिताल, मसूरी इ. ठिकाणी हंगामात मैदानी प्रदेशातून येणाऱ्या वाहनांची संख्या इतकी वाढली की, फिरण्यासाठी बांधलेला रस्ता वाहतुकीचा मुख्य मार्ग बनला. काही ठिकाणी पाण्याचे मार्गच बुजविले गेले. काश्मीरमधील श्रीनगरच्या जुन्या भागातून वाहणारा नाला मार हा मध्ययुगीन कालवा १९७० च्या दशकात भरून काढून त्यावर रुंद रस्ता करण्यात आला. त्यामुळे मोटारींची सोय झाली, परंतु नावांची वाहतूक, काठावरील यारबल आणि पाण्याच्या निचऱ्याची एक जुनी वाट यांचा शेवट झाला.

धरणांमुळे काही नगरांचे काठ पूर्णतः लुप्त झाले. सतलजच्या काठावरील जुने बिलासपूर भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात बुडाले. जलाशयाची पातळी उतरली की, तेथील जुनी मंदिरे उघडी पडतात. भागीरथी व भिलंगना यांच्या संगमावर सुदर्शन शाह याने १८१५ मध्ये वसविलेले टेहरी हे संस्थानी राजधानीचे नगर टेहरी धरणाच्या जलाशयाखाली २००४–०५ मध्ये गेले. रहिवाशांचे पुनर्वसन उंचावरील नव्या टेहरीत व मैदानी भागात करण्यात आले. नव्या नगरातून जलाशय दिसतो, पण संगमावरचे घाट आणि त्यांकडे उतरणाऱ्या गल्ल्या पुन्हा निर्माण करता आल्या नाहीत.

पादचाऱ्यांच्या बाजूनेही काही प्रयत्न झाले. नैनिताल सरोवराच्या ऱ्हासाविषयी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या लोकहितार्थ अर्जावर १९९५ मध्ये निर्णय देण्यात आला. सरोवरात सांडपाणी जाऊ न देणे, मालवरील वाहतूक कमी करणे, तेथे जड वाहनांना मनाई करणे आणि बलिया नाल्याच्या नाजूक उताराची काळजी घेणे, यांवर त्यात भर होता. सरोवराच्या तळाशी प्राणवायूची कमतरता भासत असल्याने २००७ पासून यंत्रांद्वारे पाण्यात हवा सोडली जाऊ लागली. हिमाचल प्रदेश विधिमंडळाने २००७ मध्ये शिमल्यातील रस्त्यांचा वापर करणारे व पादचारी यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र अधिनियम केला. माल व रिजसारख्या मार्गांवरील वाहनबंदीस त्यामुळे नवा कायदेशीर आधार मिळाला. ज्या नियमाचा उगम तीन उच्चाधिकाऱ्यांच्या विशेषाधिकारात होता, तोच बदललेल्या स्वरूपात सामान्य पादचाऱ्याच्या उपयोगी पडला, हे उल्लेखनीय होय. सिक्कीममध्ये गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. काश्मीरमधील श्रीनगरात अलीकडे झेलमकाठी चालण्याचे व सायकलींचे मार्ग नव्याने बांधण्यात आले असून, जुन्या बांधाच्या परिसराचेही नूतनीकरण झाले आहे.

उतारांची अस्थिरता मात्र कायम आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये नैनितालच्या खालच्या मालचा काही भाग खचून सरोवरात गेला. २०२१ मध्ये पलीकडील काठावर ठंडी सडकेच्या वरचा उतार घसरला. शिमल्यात रिजच्या उत्तरेकडील बाजूस जमीन खचण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. वाढते बांधकाम, बुजलेले किंवा कचऱ्याने भरलेले नाले, झाकली गेलेली मुरण-क्षेत्रे आणि वाहनांचा भार ही त्यांची प्रमुख कारणे मानली जातात.

प्रमुख पथ : नैनिताल येथे माल, डाँठ, ठंडी सडक व फ्लॅट्स असा सरोवराभोवतीचा फेरा साधारणतः दीड तासात सावकाश पूर्ण होतो. शिमल्यात रिजपासून मालने पश्चिमेकडे जाणारा मार्ग जवळजवळ समपातळीवर आहे. मसूरीत ग्रंथालयापासून कुलडीपर्यंतचा माल आणि डोंगराच्या उत्तर अंगाने तेवढ्याच टोकांना जोडणारा, सुमारे ३ किमी. लांबीचा कॅमल्स बॅक मार्ग यांचा मिळून एक फेरा होतो. यांपैकी दुसरा मार्ग अधिक शांत आहे. दार्जिलिंगमध्ये चौरस्त्यापासून निघून ऑब्झर्व्हेटरी टेकडीस वळसा घालणारा रस्ता पुन्हा चौरस्त्यावर येतो. टेकडीच्या माथ्यावरील महाकालाचे स्थान हिंदू व बौद्ध या दोघांनाही पूज्य असून निरभ्र हवेत या फेऱ्यावरून कांचनजंगा शिखरसमूह दिसतो. अलमोड्याची पटाल बाजारपेठ, बागेश्वरचे सरयू-गोमती संगमावरील घाट, मंडीचे बिआस नदीवरील घाट, रेवालसरची परिक्रमा आणि दलकाठचा बूलव्हार्ड हे मार्गही सुलभ होत. पावसाळ्यात दरडींचा, तर हिवाळ्यात गोठलेल्या फरशीचा धोका असल्याने वसंत व शरद हे ऋतू या भ्रमंतीस अनुकूल ठरतात.

महत्त्व : हिमालयीन नगरांतील पदपथ पर्यटन-व्यवसायाचा आधार आहेतच, त्याशिवाय स्थानिक रहिवाशांचे शाळा, बाजार, देवालय व कचेरी यांकडे जाण्याचे ते रोजचे मार्ग आहेत. सपाट जागा मुळातच अपुरी असलेल्या नगरात असा मार्ग हीच बहुधा एकमेव सामायिक मोकळी जागा असते. तेथे मूल चालायला शिकते, वृद्ध ऊन घेतात, सभा भरतात आणि मिरवणुका निघतात. मर्यादित लोकांच्या सोयीसाठी, बव्हंशी सक्तीच्या श्रमातून निर्माण झालेले हे मार्ग शतकभरात सार्वजनिक मालमत्ता बनले. त्यांचे पुढील अस्तित्व सुशोभनापेक्षा वरील उतारांवरील वनाच्छादन, नाल्यांची नियमित सफाई, पूररेषेचे पालन आणि वाहनांवरील नियंत्रण यांवर अवलंबून आहे.

[→ अलमोडा, काश्मीर, दार्जिलिंग, नैनिताल, मसूरी, शिमला, हिमालय].